विचारा की! : पटतंय खरं, पण सिद्ध झालंय का?

गेल्या अंकात आम्ही सहज एक ओळ टाकली होती, की लॉ असू दे, एमबीए असू दे नाहीतर यूपीएससीचा सीसॅट, 'या युक्तिवादात चूक कुठं आहे' छापाचा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच, त्यात काय अडत असेल तर लिहा. लिहा म्हटल्यावर कोल्हापूरकर थांबतायत होय! मेल आले, व्हॉट्सअ‍ॅप आले, चक्क पोस्टकार्डंही आली. निम्म्याहून जास्त पत्रं लॉवाल्यांची. ऑफिसात एकजण लगेच म्हणाला, ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं ना, त्यामुळं पोरं लॉकडं वळलीत. असेलही तसं. पण बेंच यायच्या आधी आम्ही या विषयावर पत्रं मागवलीच नव्हती, मग वाढली की कमी झाली हे मोजलं कशाशी? आजचा सगळा विषय हाच आहे, म्हणून त्याला तिथंच सोडला आणि पत्रं उघडली.

प्रश्न : सर, मी बारावीला आहे, क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायलोय. लॉजिकल रीझनिंगचा पॅसेज वाचला की मला तो पटतोच, लेखक बरोबर बोलतोय असंच वाटतं, मग चूक शोधायची कुठं? आणि कधी कधी उलटं होतं, लेखकाचं म्हणणं मुळातच चुकीचं वाटतं, मग मी तेच लिहिलेला ऑप्शन शोधत बसतो. शेवटी दोन ऑप्शन उरतात आणि हमखास नको तोच टिक होतो. काय करू?
— एक विद्यार्थी, मंगळवार पेठ

उत्तर : भावा, तुला वाटतंय दोन अडचणी आहेत, पण आहे एकच. दोन्ही वेळेला तू बघतोयस निष्कर्ष खरा की खोटा, आणि पेपर विचारतोय वेगळंच. पेपर विचारतोय, दिलेल्या कारणांवरून हा निष्कर्ष निघतो का.

आपल्याकडचंच घे. पावसाळा आला आणि पंचगंगेचं पाणी वर चढायला लागलं की चहाच्या टपरीवर हे ऐकू येतंच : 'ज्या ज्या वर्षी महापूर आला त्या त्या वर्षी ऑगस्टमध्ये कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी साठलेलं होतं. म्हणजे महापूर अलमट्टीमुळंच येतो.' आता तू कोल्हापूरचा, तुझ्या मामाच्या नाहीतर मावशीच्या घरात पाणी शिरलेलं तू बघितलेलं असणार, त्यामुळं हे वाक्य वाचलं की मान आपोआप हलते. पण कारण तेवढंच बघ. ऑगस्टमध्ये अलमट्टीत पाणी तर दरवर्षीच असतं, महापूर न आलेल्या वर्षीही असतं, त्या वर्षांचं काय? आणि घाटमाथ्यावर जो पाऊस पडतो तोच राधानगरी धरण भरतो, तोच पंचगंगा फुगवतो आणि पुढं कृष्णेतून तोच अलमट्टीतही जातो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच पावसानं होत असतील आणि आपण एकीला दुसरीचं कारण म्हणतोय, असंही असू शकतं.

आता नीट ऐक, कारण इथंच पोरं घसरतात. मी असं म्हटलेलं नाही की अलमट्टीचा पुराशी संबंध नाही. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४ च्या वर न्यायचा विषय निघाला की आपल्या कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांत जो विरोध होतो त्यात तथ्य आहे की नाही, हे फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळं मागं चढणाऱ्या पाण्याचा अभ्यास करणारे इंजिनिअर मोजून सांगतील. मी एवढंच म्हणतोय की टपरीवरच्या त्या दोन वाक्यांनी ते सिद्ध होत नाही. निष्कर्ष खरा असूनही युक्तिवाद लंगडा असू शकतो. हे एकदा डोक्यात बसलं की पॅसेज पटला काय आणि नाही पटला काय, तुला फरक पडणार नाही.

पॅसेज वाचताना पहिल्यांदा निष्कर्षाखाली रेघ मार. तो शेवटीच असतो असं नाही, बऱ्याचदा पहिल्याच वाक्यात ठोकून दिलेला असतो आणि कारणं मागनं येतात. मग बाकीची वाक्यं, म्हणजे माहिती, ती जशीच्या तशी खरी मानायची, माहितीशी भांडायचं नाही. पेपर काढणारा म्हणाला अमुक गावातली कुत्री निळी आहेत, तर आहेत, सोडून द्यायचं. भांडायचं ते त्या उडीशी, जी माहितीवरून निष्कर्षावर मारलेली असते.

दोन ऑप्शनमध्ये अडकायचं म्हणशील तर एक नमुना मीच बनवून देतो, विषय मुद्दाम आपल्या गावाला झोंबणारा घेतलाय.

'एका शहरात हेल्मेटसक्ती लागू झाली. पुढच्या सहा महिन्यांत तिथल्या सरकारी दवाखान्यात डोक्याला मार लागून भरती झालेल्या दुचाकीस्वारांची संख्या आधीच्या सहा महिन्यांपेक्षा वाढली. म्हणजे हेल्मेटमुळं डोक्याला इजा व्हायचा धोका वाढतो.' चूक काय?

(अ) लेखकानं हेल्मेटच्या किमतीचा विचार केलेला नाही.
(ब) लेखकानं एकाच अपघातावरून सगळ्या अपघातांबद्दल निष्कर्ष काढलाय.
(क) जे आधी जागेवरच दगावले असते ते आता जखमी होऊन दवाखान्यापर्यंत पोचत असतील, ही शक्यता लेखकानं सोडून दिलीय.
(ड) हेल्मेट घातलं की अपघात होतच नाहीत असं लेखकानं गृहीत धरलंय.

'अ' बघ. खरं आहे, किमतीचा विचार केलेला नाहीच, पण करायची गरजच नव्हती. 'ब' ही चूक म्हणून मोठी आहे, पण या लेखकानं ती केलेलीच नाही, तो सहा-सहा महिन्यांचे आकडे सांगतोय. 'ड' तर लेखकाच्या म्हणण्याच्या उलट्या दिशेला. उरला 'क', आणि तो खरा मानला की निष्कर्ष धाडकन पडतो, कारण जखमींचा आकडा वाढला तो मेलेल्यांचा कमी झाला म्हणून. तर प्रत्येक ऑप्शनला दोनच प्रश्न विचारायचे : लेखकानं हे खरंच केलंय का, आणि केलं असेल तर त्यानं युक्तिवादाचं काही बिघडतंय का. दोन्हीला हो आलं तरच टिक. तू अडकतोस ते बहुतेक वेळा 'अ' छापाच्या ऑप्शनवर, कारण तो वाचला की 'हो की, हे तर म्हटलंच नाही' असं वाटतं. अरे, पॅसेजमध्ये न म्हटलेल्या गोष्टी हजार असतात.

आणखी एक बारीक गोष्ट. ऑप्शन 'विचारात घेतलेलं नाही' असा असेल तर ती गोष्ट खरी मानून बघ, निष्कर्षाला धक्का बसतो का. ऑप्शन 'गृहीत धरलंय' असा असेल तर ती गोष्ट खोटी मानून बघ, युक्तिवाद कोसळतो का. कोसळला तर गृहीत धरलं होतं, उभा राहिला तर नव्हतं धरलं.

प्रश्न : सर, इफ, ओन्ली इफ, अनलेस आलं की माझं डोकं चालायचं बंद होतं. क्लासमध्ये बाणाबाणांचं शिकवलंय, पण बाण कुठनं कुठं काढायचा तेच कळत नाही. बाण न काढता जमेल का?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : जमेल की. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर बघतेस ना? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. बास, एवढंच डोक्यात ठेव.

पाणी ४३ च्या वर गेलं असेल तर ते ३९ च्या वर गेलेलं असणारच, यात कुणाला शंका? आणि ३९ लाच पोचलं नसेल तर ४३ चा प्रश्नच नाही, हेही पक्कं. पण पाणी ३९ च्या वर गेलंय म्हणून ४३ च्या वर गेलं, असं म्हणता येईल का? नाही, ते एक्केचाळीसवरनंही परत उतरतं की. आणि ४३ च्या वर गेलेलं नाही म्हणून ३९ च्या वर पण नाही, हेही म्हणता येणार नाही. चार वाक्यं झाली, पहिली दोन बरोबर, शेवटची दोन चूक, आणि परीक्षेत जितके म्हणून 'तर'वाले सापळे लावतात ते फिरून फिरून या शेवटच्या दोनांतलेच असतात.

आता तालमीतलं वाक्य घे : 'पहाटे मेहनत करणाराच मैदान मारतो. हा पैलवान रोज पहाटे मेहनत करतो, म्हणजे हा मैदान मारणार.' यात मैदान मारणं म्हणजे ४३, मेहनत म्हणजे ३९. मेहनतीशिवाय मैदान नाही एवढंच पहिलं वाक्य सांगतंय. मेहनत करून चितपट झालेले पैलवान खासबागच्या कुस्ती मैदानात चिक्कार बघायला मिळतात. 'ओन्ली इफ' म्हणजे हाच 'च'. ज्याला 'च' लागलाय ते ३९, त्याच्याशिवाय पुढचं नाही. आणि 'अनलेस' आलं की सरळ 'जर नाही तर' म्हणून वाचायचं. 'फी भरल्याशिवाय हॉलतिकीट नाही' म्हणजे फी भरली नाही तर हॉलतिकीट नाही. फी भरली की हॉलतिकीट मिळणारच, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही, फोटो चुकीचा असला तरी अडवतात.

जाता जाता. हे सगळं परदेशातून आलंय असं समजू नकोस. आपल्या न्यायशास्त्रातलं, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातलं उदाहरण संस्कृतवाल्यांना पाठ असतं : डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथं अग्नी आहे. धूर तिथं अग्नी, हे चालतं. पण अग्नी तिथं धूर, हे चालत नाही, आणि ते दाखवायला त्यांनी लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा पुढं केला, अग्नी आहे आणि धूर नाही. असल्या फसव्या कारणांना त्यांनी हेत्वाभास म्हटलं, गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याचे पाच प्रकार दिलेत. तुझ्या ३९ आणि ४३ मध्ये जी चूक होते ती त्यांनी केव्हाच पकडून ठेवलीय.

प्रश्न : नमस्कार सर. मुलीला लॉला घालायचंय. पेपरमध्ये घालून एका क्लासचं पत्रक आलं, त्यातला मजकूर लिहून पाठवतो : 'यंदा आमच्या निकालात ३०० टक्के वाढ! राष्ट्रीय विधी विद्यापीठांत निवड झालेल्या आमच्या भागातल्या दर १० पैकी ९ विद्यार्थ्यांनी आमची टेस्ट सिरीज सोडवली होती! आजच प्रवेश घ्या, नाहीतर वर्ष वाया घालवा!' आकडे बघून मिसेस म्हणतात घालूया, फी बघून मी म्हणतो थांबूया. तुम्ही काय म्हणता?
— एक पालक, कसबा बावडा

उत्तर : दादा, पत्रक पाठवलंत हे फार बरं केलंत. असा तयार माल आम्हाला बनवूनही जमला नसता. मुलीलाच द्या सोडवायला, तीन वाक्यांत तीन चुका आहेत.

३०० टक्के वाढ म्हणजे कशावरून? मागच्या वर्षी एक पोरगं लागलं होतं आणि यंदा चार लागले, तरी वाढ ३०० टक्केच होते. टक्केवारी दिली आणि मूळ आकडा लपवला की समजायचं आकडा दाखवण्यासारखा नाही. याचं उलटंही चालतं बरं का, मोठ्या क्लासवाले नुसता आकडा देतात, 'आमची ५० पोरं लागली', आणि बसली होती किती ते सांगत नाहीत. टक्के दिले तर आकडा विचारायचा, आकडा दिला तर टक्के विचारायचे, पेपरमध्येही हेच आणि क्लासच्या काउंटरवरही हेच.

दुसरं वाक्य सगळ्यात चलाख आहे. निवड झालेल्या १० पैकी ९ जणांनी सिरीज सोडवली होती, मानलं. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात काय जातं? सिरीज सोडवणाऱ्या १० पैकी ९ जणांची निवड होते! हे वरच्या गडहिंग्लजच्या पोरीच्या प्रश्नासारखंच झालं, वाक्य उलटं फिरवलं. सिरीज फुकट असेल तर ती हजार पोरांनी सोडवली असेल, त्यात हे नऊ जणही आले. शिवाय जी पोरं मुळात हुशार आणि हपापलेली असतात ती सापडेल ती टेस्ट सोडवतात, एकाच वेळी चार क्लासच्या सिरीज सोडवतात, आणि मग एकच चेहरा चार फ्लेक्सवर हसत असतो. सिरीजमुळं ती लागली, की लागण्यासारखी होती म्हणून सिरीज सोडवत होती, हे पत्रकावरनं कळत नाही.

तिसरं वाक्य, आज प्रवेश नाहीतर वर्ष वाया. मधले रस्तेच नाहीत जणू. पुढच्या महिन्यात प्रवेश, दुसरा क्लास, ऑनलाईन, घरी अभ्यास, हे सगळं गायब. जिथं दोनच वाटा दाखवल्यात तिथं तिसरी लपवलेली असते, असं धरूनच चालायचं.

आता तुमचा खरा प्रश्न. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. जाहिरातीत यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो टाकायचा तर त्याची रँक काय, त्यानं क्लासचा कुठला कोर्स केला, किती दिवसांचा, आणि पैसे भरून केला की फुकट, हे सांगावं लागतं, आणि विद्यार्थ्याची लेखी संमतीही निकालानंतर घ्यावी लागते. तेव्हा क्लासात जा आणि शांतपणे तेवढंच विचारा : पूर्ण क्लासरूम कोर्सला किती होते, त्यातले किती लागले, कुठं लागले. एक लक्षात ठेवा, क्लॅटला पास-नापास नसतं, रँक असते, त्यामुळं 'आमचे सगळे पास' याला काही अर्थ नाही. मिसेसना सांगा, क्लास वाईट आहे असं यातून सिद्ध होत नाही. चांगला आहे हे सिद्ध होत नाही, एवढंच. फी भरायच्या आधी मुलीला क्लॅट घेणाऱ्या कन्सोर्टियमच्या वेबसाईटवरचे जुने पेपर वेळ लावून सोडवू द्या, ती कुठं अडतीय ते कळेल, मग काय विकत घ्यायचं ते ठरवा.

प्रश्न : मला अमेरिकेत लॉ करायचंय. आत्ता अकरावीत आहे. तिकडच्या लॉ प्रवेशाची परीक्षा, एलसॅट, आत्तापासून सुरू करू का? मैत्रिणीनं फॅलसींची, म्हणजे युक्तिवादातल्या चुकांची लॅटिन नावं असलेली मोठ्ठी पीडीएफ पाठवलीय, ती पाठ करायची का?
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : पीडीएफ डिलीट कर. नाव विचारतच नाहीत, विचारतात ते चुकीचं वर्णन, तेही असल्या गोल गोल इंग्रजीत की चूक ओळखूनसुद्धा ऑप्शन ओळखू येत नाही. 'एखाद्या गोष्टीला पुरेशी असलेली अट तिच्यासाठी आवश्यकही आहे असं मानलंय' अशी वाक्यं असतात. ती वाचून चटकन स्वतःच्या शब्दांत मांडायची सवय लाव, लॅटिन राहू दे.

आणि घाई कसली? तिकडं लॉ हे पदवीनंतरचं शिक्षण आहे, जेडी म्हणतात त्याला, म्हणजे आधी इथं नाहीतर तिथं ग्रॅज्युएशन करावं लागेल. एलसॅटचा स्कोअर १२० ते १८० मध्ये येतो. ऑगस्ट २०२४ पासून त्यातलं लॉजिक गेम्स, म्हणजे कोड्यांचं सेक्शन काढून टाकलं, आता मार्क धरले जातात ते लॉजिकल रीझनिंगच्या दोन सेक्शनचे आणि रीडिंगच्या एकाचे, प्रत्येकी ३५ मिनिटं, शिवाय एक सेक्शन मार्क न धरला जाणारा असतो पण तो कुठला हे तुला कळू देत नाहीत, आणि लेखी परीक्षा वेगळी. निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे युक्तिवाद पारखण्यावरच आता अर्ध्याहून जास्त पेपर आहे. तोवर भरपूर इंग्रजी वाच, तेच रीडिंगलाही कामाला येईल.

प्रश्न : संपादक महोदय, तुमचं मासिक वाचून आमचा नातू बिघडला. काही बोललं की 'आजोबा, ही फॅलसी आहे' म्हणतो. परवा मी म्हणालो, आमच्या वेळी कुणी क्लास लावले नाहीत तरी आम्ही शिकलोच ना! तर म्हणे, तुम्ही एकट्यावरनं सगळ्यांचं सांगताय. वर म्हणतो, तुम्ही कधी एन्ट्रन्स दिली नाही, तुम्ही यात बोलूच नका. हे शिकवता का पोरांना?
— एक आजोबा, शाहूपुरी

उत्तर : आबा, नमस्कार करतो आणि मगच बोलतो. पहिल्या मुद्द्यावर नातवाचं बरोबर आहे, राग मानू नका. जे शिकले ते आज सांगायला आहेत, जे मागं राहिले ते कट्ट्यावर तुमच्याशेजारी बसून सांगत नाहीत, त्यामुळं जुन्या काळचं यशच तेवढं कानावर येतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अब्राहम वाल्ड नावाचा संख्याशास्त्रज्ञ होता, त्यानं लढाईवर गेलेल्या विमानांबद्दल हेच दाखवलं. परत आलेल्या विमानांना जिथं गोळ्यांची भोकं जास्त ती जागा मजबूत करायची, असं सहज वाटतं. पण तिथं गोळी लागूनही विमान परत आलंय. जिथं भोकं दिसत नाहीत तिथं गोळी लागलेली विमानं परतच आली नाहीत, तेव्हा जपायची ती जागा.

पण दुसऱ्या मुद्द्यावर नातू साफ चुकला, आणि हे त्याला माझं नाव सांगून ऐकवा. 'तुम्ही एन्ट्रन्स दिली नाही म्हणून बोलू नका' ही स्वतःच नंबर एकची फॅलसी आहे, मुद्दा सोडून माणसावर जायचं. एन्ट्रन्स न दिलेला माणूसही बरोबर बोलू शकतो. आणि आणखी एक : तुमचं कारण कच्चं निघालं म्हणून तुमचं म्हणणं खोटं ठरत नाही. क्लासशिवाय शिकता येतं हे खरंच आहे, फक्त त्याला आधार वेगळा द्यावा लागेल. आता एक करा. तो पुढच्या वेळी फॅलसी म्हणाला की त्याला म्हणा, बरं, मग माझाच मुद्दा तू नीट मांडून दाखव, असा की तुलाही खोडता येणार नाही. परीक्षेत युक्तिवाद बळकट करा असाही प्रश्न येतो, त्याची तेवढीच तयारी होईल आणि तुम्हाला घटकाभर शांतता.

प्रश्न : मी मराठी मीडियमची. रीझनिंग मराठीत कळतं, इंग्रजीत वाचताना वेळ जातो. रोज किती प्रश्न सोडवू? आणि नक्की नसेल तर तुक्का मारू का?
— एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : राज्याची लॉ सीईटी मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असते आणि तिला निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथं एकही प्रश्न सोडायचा नाही. क्लॅट मात्र इंग्रजीतच. १२० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे पॅसेज वाचण्यासकट मिनिटाला एक. त्यामुळं तुझी मुख्य लढाई वाचनाच्या स्पीडची आहे, तर्क तुझ्याकडं आहेच.

किती सोडवू हे विचारू नकोस, सोडवलेल्याचं काय करतेस ते बघ. एक वही कर. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली मराठीतच लिही : निष्कर्ष काय होता, कारण काय होतं, आणि मी निवडलेला ऑप्शन का चुकला. लेखकानं ते केलंच नव्हतं म्हणून, की केलं होतं पण त्यानं बिघडत नव्हतं म्हणून? थोडीफार पानं भरली की दिसेल, तू फिरून फिरून एकाच जागी पडतेस. बहुतेक पोरं एकाच जागी पडतात. रोज दहाच प्रश्न कर पण वही चुकवू नकोस. आणि पेपरमधली वाचकांची पत्रं वाच, मराठीतली चालतील, रस्ते, पार्किंग, भटकी कुत्री, कशावरही असू देत, प्रत्येकात 'म्हणून'च्या अलीकडं काय आणि पलीकडं काय ते बघ. फुकटचा प्रॅक्टिस सेट आहे तो.

तुक्क्याचं गणित सांगतो. क्लॅटला बरोबरला १ आणि चुकीला वजा ०.२५. चारातले दोन ऑप्शन तू विचार करून उडवलेस आणि उरलेल्या दोनातला एक मारलास, तर अशा प्रत्येक प्रश्नामागं सरासरी ०.३७५ मार्क पदरात पडतात, म्हणजे मारायचाच. काहीच न वाचता चारातला कुठलाही मारलास तरी हिशोबानं ०.०६ च्या आसपास उरतात, पण त्यात नशिबाचा खेळ जास्त आणि त्या वेळात दुसरा येणारा प्रश्न सुटला असता. तेव्हा आधी सगळा पेपर फिरून ये, आणि शेवटची पाच मिनिटं तुक्क्यांसाठी ठेव.